एकटीनं मोजलेले सात

फलक क्रमांक ३१. मसुदा पहिला.

एकोणतीस किलोमीटर उंचीवरून, बलूनमधून, देशातली पहिली उडी. मुख्य पॅराशूट उघडताना उडी घेणाऱ्याच्या शरीराची स्थिती चुकली. दोऱ्यांना पीळ बसला आणि वेग पुरेसा कमी झाला नाही. कापडावरची भोकं जमिनीवर आल्यावर तारेच्या कुंपणात अडकून पडली आहेत. पॅराशूटची घडी घालणारी व्यक्ती: अज्ञात.

"अज्ञात म्हणजे मी," घडीमावशी म्हणाल्या आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

समोरची बाई हसली. वय तिशीच्या आतबाहेर, केसांच्या बुचड्यात तीन पेनं खोचलेली; त्यातलं कुठलं चालतं हे तिलाही माहीत नसायचं. उड्डाण-संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूखालचा मजकूर तीच लिहायची, म्हणून सगळे तिला फलकवाली म्हणत. शनिवारी नवं दालन उघडायचं होतं. फीत कापायला पॅराशूट विभागातली कुणी जुनी बाई हवी होती, आणि जुन्या यादीतल्या अकरा बायकांपैकी फोन उचलणाऱ्या एवढ्या एकच निघाल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, ताठ पाठीच्या, कानांनी तल्लख.

"अय्या, मग अज्ञात काढून तुमचं नावच टाकते की, मावशी! लोकांना आवडतं तसलं. पडद्यामागची माणसं वगैरे."

"टाक ना. पण वरचं खोटं तसंच ठेवून खाली माझं नाव डकवणार असशील, तर नको."

"खोटं काय आहे यात?"

"सगळं. उंची सोडून."

फलकवालीने बुचड्यातलं एक पेन काढलं. ते चालेना. दुसरं काढलं.

"चूक माझी होती," घडीमावशी म्हणाल्या. "त्या माणसाची नव्हती. एवढं लिही आणि मग बोलाव मला फीत कापायला."

"मावशी, हे चौकशी समितीच्या अहवालातनं घेतलंय. माझ्या मनचं नाहीये."

"ठाऊक आहे. त्या अहवालावर माझी पण सही आहे."

◦

फलकवाली त्या वेळच्या विभागप्रमुख साहेबांना फोन करायला आत गेली, तेवढ्या वेळात मावशींनी दालन पाहून घेतलं. जुनं विमानघर होतं ते. छत उंच, फरशीवर अजून तेलाचे डाग. भिंतीला लागून काचेच्या पेट्या आणि प्रत्येकीखाली फलकवालीचं अक्षर.

१९०३. पहिलं विमान. बारा सेकंद, एकशेवीस फूट. (एवढ्यात आमच्याकडे चहासुद्धा गाळून होत नाही, मावशींच्या मनात आलं.)

१७९७. बलूनमधून पॅराशूटने उतरलेला पहिला माणूस. छत्री लंबकासारखी झुलली आणि त्याला वाटेत मळमळलं. पुढे छत्रीच्या माथ्यावर मुद्दाम भोक ठेवू लागले, तेव्हा झुलणं कमी झालं.

१९६८. चंद्राला वळसा घालून दोन कासवं सुखरूप परत. वजन थोडं घटलं. भूक शाबूत.

१९६९. चंद्रावर चाललेल्या माणसांचे पोशाख बायकांची अंतर्वस्त्रं शिवणाऱ्या कारखान्यात, बायकांनी शिवले.

इथे मावशी थांबल्या. शिवणाऱ्यांची नावं शोधली. नव्हती.

१७८३. बलूनमधून पहिले प्रवासी: मेंढी, बदक, कोंबडा. उतरल्यावर कोंबड्याचा पंख दुखावलेला आढळला. जाणकारांनी उंचीवरच्या हवेला दोष दिला. नंतर उलगडा झाला: उड्डाणाआधीच मेंढीने लाथ मारली होती.

मावशी एवढ्या मोठ्याने हसल्या, की दारावरचा पहारेकरी धावत आला.

"काय झालं, आजी?"

"काही नाही रे. मेंढीचं नाव लागलंय फलकावर. माझं राहिलंय."

◦

इथे फलक नाही. कारण जे घडलं ते कुणी कधी लिहिलं नाही.

पॅराशूट विभागात बारा मीटर लांबीचं एक गुळगुळीत टेबल होतं. त्यावर छत्री आडवी पसरायची, अठ्ठावीस कळ्या, म्हणजे छत्रीच्या निमुळत्या कापडी पट्ट्या, एकेक करून एकमेकींवर बसवायच्या. रेशमासारखं निसरडं कापड. एक बसवावी तर दुसरी सुटते. म्हणून वर वजनं ठेवायची: शिशाच्या छर्ऱ्यांनी भरलेल्या लांबट पिशव्या, दोन-दोन किलोच्या. एका टेबलाला सात. घडी पूर्ण होत जाईल तशा त्या काढायच्या आणि पेटीत टाकायच्या. सातही पेटीत पडल्याशिवाय छत्रीचं पाकीट बंद करायचं नाही.

ते मोजणं दोघींनी करायचं. एकीने पिशवी पेटीत टाकून आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने स्वतःच्या डोळ्यांनी पिशवी पाहून तोच आकडा परत म्हणायचा. एक? एक. दोन? दोन. नव्या मुलींना हसू यायचं, पण महिनाभरात इतकं अंगवळणी पडायचं, की घरी ताटं मांडतानासुद्धा त्या उत्तराची वाट पाहायच्या.

आणखी एक रिवाज होता. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीने स्वतः घडी घातलेल्या छत्र्यांपैकी एक घेऊन विमानातून उडी मारायची. कुठली, ते दुसऱ्या बायका ठरवणार. अशा सव्वीस उड्या घडीमावशींच्या नावावर होत्या, आणि आतलं कापड कधी चुकीचं सुटलं नव्हतं. म्हणून तर ती मोठी उडी त्यांच्या टेबलावर आली.

उडीची तारीख आठ दिवस अलीकडे आणली गेली, कारण मोठ्या पाहुण्यांना तोच दिवस मोकळा होता. मंडप उभा राहायला लागला. झेंडे कमी पडले. विभागप्रमुख होते साहेब, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे, मिशीला रोज कात्री लावणारे. त्यांनी मावशींच्या जोडीदारणीला टेबलावरून उठवून झेंडे शिवायला पाठवलं.

"साहेब, आणि मोजायला कोण?"

"एकटी मोज. सातपर्यंत येतं ना?"

आलं. सातपर्यंत येतच होतं.

एक. एक.
दोन. दोन.
तीन. तीन.
चार. चार.
पाच. पाच.
सहा. सात.

तेच ते. उत्तर द्यायला दुसरी नव्हती, म्हणून मावशींनी दोन्ही आवाज आपणच काढले, आणि सहावी पिशवी पडली तेव्हा त्यांचा दुसरा आवाज सवयीच्या भरात पुढे निघून गेला. सात झाले. पाकीट बंद झालं. सही झाली.

सातवी पिशवी एकोणतीस किलोमीटर वर गेली.

उडी घेणारा कॅप्टन खाली आला तो जिवंत आला, हेच नवल. खुब्याचं हाड चार जागी मोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नव्या छत्रीला बसल्या, पेटी उघडली आणि सहाच पिशव्या पाहून जागच्या जागी खाली बसल्या. मग उठून साहेबांकडे गेल्या. सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, कोठारातून एक पिशवी कोटाखाली लपवून आणली, पेटीत टाकली आणि म्हणाले, "सात आहेत. मोज."

त्यांनी मोजल्या. सात होत्या.

गप्प बस, असं साहेब म्हणाले हे खरं. पण पुढची एक्केचाळीस वर्षं गप्प बसण्याचं काम साहेबांनी केलेलं नाही. ते मावशींनी स्वतः केलं, एकही दिवस खाडा न करता. आणि पेपरवाल्यांनी दगडासारखा पडला म्हणून कॅप्टनचं नाव ठेवलं 'धोंडा'.

◦

फलक क्रमांक ३१. मसुदा दुसरा.

…पॅराशूट अपेक्षेप्रमाणे का उघडलं नाही, याचं कारण आजही निश्चित सांगता येत नाही…

(समासात, पेन्सिलीने, मावशींच्या अक्षरात: येतं.)

मसुदा तिसरा.

…त्या काळातल्या अपुऱ्या साधनांमुळे…

(समासात: साधनं उत्तम होती. दुसरी बाई नव्हती.)

मसुदा चौथा अर्ध्यावरच सोडलेला आहे. खाली फलकवालीने स्वतःसाठी लिहिलंय: साहेब म्हणतात मसुदा पहिला ठेवा. संचालक म्हणतात साहेब म्हणतील तसं. साहेब प्रमुख पाहुणे आहेत.

◦

दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'धोंडा वजनकाटे. दुरुस्ती व तपासणी.' लोकांनी शिवीसारखं दिलेलं नाव माणसाने उचलून दुकानाला लावलं होतं. मावशी दोनदा पाटी वाचून मग पायरी चढल्या.

आत तराजू, स्प्रिंगा, पितळी वजनं. पंचाहत्तरीचा माणूस उंच स्टुलावर एक पाय लांब करून बसलेला. मान वर न करता म्हणाला, "काटा ठेवा आणि उद्या या."

"कॅप्टन, काटा नाही आणलेला."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तोंड नाही ओळखलं. उभं राहणं ओळखलं. घडी ना तू?"

"हो."

"अगं, बस की मग! हां, बसायला काही नाहीये. उभीच राहा. कशी आहेस? तुझ्या हातची छत्री घेऊन मी चौदा वेळा खाली आलोय. तेरा वेळा चालत."

मावशींनी बसायला काही नाही हे बरंच मानलं. उभ्याउभ्या सांगितलं, सगळं. झेंडे, एकटीचं मोजणं, पेटी, कोटाखालची पिशवी. मधे एकदाही थांबल्या नाहीत.

कॅप्टनने ऐकताऐकता हातातला स्क्रू कधीच पिळून मोडला होता.

"केवढी होती?"

"दोन किलोची."

"दोन किलो." त्याने तुटका स्क्रू टेबलावर ठेवला. "आणि मी समजतोय, माझा डावा खांदा आधी वळला. डॉक्टरला सांगितलं, बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं. नातवाला पोहायला शिकवताना सांगितलं, खांदा सरळ ठेव बाबा, तुझ्या आजोबाने नाही ठेवला. माझ्याच तोंडाने! एक्केचाळीस वर्षं!"

"तुमचा खांदा सरळच होता."

"मला सांगू नकोस माझा खांदा कसा होता!"

रस्त्यावरून जाणारं एक माणूस थबकलं. कॅप्टनने त्याला हाताने 'चल पुढे' केलं.

"आता का?" तो म्हणाला. "मरायच्या आधी पाटी कोरी करायला?"

"शनिवारी दालन उघडतंय. फलकावर तुमची चूक लिहिलेली आहे. आत्तापर्यंत ती कपाटात होती, आता काचेखाली लागेल. लोक रांगेने वाचतील. मी तिथे सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुम्हाला आधी कळायला हवं म्हणून आले."

"परवानगी मागायला?"

"नाही. कळवायला."

"आणि माफी?"

"मागितली तर ती द्यायची का नाही, हे ठरवण्याचं काम तुमच्या गळ्यात पडेल. तेवढं तरी नको."

"बाहेर हो."

"होते."

"घडी! बाहेर हो म्हणालो ना!"

"पायरी उतरतेय, कॅप्टन. गुडघे माझेही जुनेच आहेत."

◦

घरी मावशींनी सगळं सांगितलं, तेव्हा मुलगा शर्टाला इस्त्री करत होता. विमानतळावर रडार पाहायचं त्याचं काम. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं, त्याने सुनेकडे, आणि शेवटी नेहमीप्रमाणे बोलायचं तिच्यावरच आलं.

"आई, रागावू नका. पण यांना तिथे चिकटवलं कुणी? साहेबांनीच ना शब्द टाकला?"

"टाकला. मीच मागायला गेले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणणारच नव्हते. का, ते आता कळलं ना तुम्हाला?"

इस्त्री थांबली.

"म्हणजे माझी नोकरी त्या पिशवीतनं आलीय?" मुलगा म्हणाला.

"चिकटलास तू त्या शब्दावर. टिकलास स्वतःच्या डोळ्यांवर. एकोणीस वर्षं काय साहेब येऊन तुझ्या पडद्यापुढे बसत होते?"

"त्यांची माणसं अजून आहेत तिथे, आई."

"असतील."

"मला त्रास झाला तर?"

पोराला त्रास होईल हे मावशींना पटत होतं, आणि तरी त्या मागे फिरणार नव्हत्या. या दोन गोष्टी एकाच तोंडाने कशा सांगायच्या, ते त्यांना सुचेना.

"होईल," त्या म्हणाल्या. "कदाचित होईल. तो तुला माझ्यामुळे होईल, आणि तू मला बोल लावलास तर मी ऐकून घेईन. पण जाणार."

मुलगा शर्ट उलटा करून बाहीवर इस्त्री फिरवू लागला. सून म्हणाली, "मग कागदावर लिहून नेऊ नका. आयत्या वेळी चष्मा सापडत नाही तुम्हाला. तोंडीच सांगा."

◦

[श्राव्य मार्गदर्शक, नवं दालन, थांबा पहिला. शनिवार, सकाळ.]

नमस्कार. या दालनात आपण माणसाच्या आकाशातल्या पहिल्या पावलांची… डावीकडे आपल्याला दिसेल… छतावरून टांगलेलं भव्य पॅराशूट… कृपया वस्तूंना हात लावू…

[इथून पुढे यंत्र चालू होतं, पण ऐकत कुणी नव्हतं.]

साहेबांचं भाषण झालं. पंच्याऐंशीच्या वयात आवाज अजून खणखणीत. मिशी पांढरी, पण कात्री रोजची. "धोका पत्करल्याशिवाय इतिहास घडत नाही," असं ते दोनदा म्हणाले. टाळ्या झाल्या. मग संचालकांनी मावशींच्या हाती कात्री दिली.

मावशींनी ती तशीच संचालकांना परत केली.

"आधी ती छत्री खाली घ्या."

"काय?"

"टांगलेली ती. खाली घ्या. माझी आहे."

माणसं हसली. म्हातारीला गंमत करायची असेल, असं त्यांना वाटलं. संचालक हसतहसत म्हणाले, "बाई, ती आता देशाची आहे," आणि वळून पाहतात तर छत्री खाली येत होती. भिंतीजवळ फलकवाली कप्पीचा दांडा फिरवत उभी.

"कुणी सांगितलं?"

"वस्तूची नियतकालिक पाहणी, सर," फलकवाली म्हणाली. दांडा काही थांबेना. "नियमात आहे. आज पडतेय तारीख."

"आज?"

"मीच पाडली."

छत्री फरशीवर उतरली, पिवळट पांढरी, मोठ्या खोलीएवढी. मावशींनी चपला काढल्या. गुडघे टेकले. कापडाला हात लागला आणि हात सत्तावीस वर्षांचे झाले. पाहणाऱ्यांनी पुढे कित्येक दिवस एकमेकांना हेच सांगितलं.

"कापडावर नऊ भोकं आहेत," मावशी म्हणाल्या. माइक लागला नाही. "ही बघा. एक इथं, एक तिकडे त्या पलीकडच्या कळीवर, एक त्याच्याही पुढे. गोलाकार विखुरलेली. फलक म्हणतो, कुंपणात अडकून पडली. आता मी घडी घालते. पिशव्या आणा कुणीतरी."

"कसल्या पिशव्या?"

"हातात असतील त्या! पर्सा द्या."

पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघींनी काय होतंय हे कळायच्या आत पर्सा पुढे केल्या. कळी कळीवर बसू लागली. अकराव्या कळीला पहिलं भोक आलं. बाराव्या कळीवर दुसरं, नेमकं पहिल्याच्या वर. तेरावीवर तिसरं.

आता कुणी हसत नव्हतं.

साहेब शेजारी येऊन वाकले. कित्येक वर्षांपूर्वीचा 'तू' त्यांच्या तोंडात आपोआप आला. "उठ. तमाशा पुरे. पोराचा तरी विचार कर."

मावशी मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साहेब म्हणताहेत, पोराचा विचार कर. पोरगा तो, तिसऱ्या रांगेत उभा आहे. निळा शर्ट. केलाय त्याचा विचार."

तिसऱ्या रांगेतला निळा शर्ट लाल झाला. पण जागचा हलला नाही.

"वय झालंय बाईंचं," साहेब आता सगळ्यांकडे वळून म्हणाले. "इतक्या वर्षांनी आठवणी सरमिसळ होतात."

"माझं झालंय. कापडाचं बोला."

एकोणिसाव्या कळीवर नववं भोक बसलं. मावशींनी पर्सा बाजूला केल्या आणि घडीत हात घातला. नऊ भोकांचं एकच भोक झालं होतं, लांबट, मूठभर रुंद. हात आरपार गेला. पलीकडे बोटं हलताना दिसली.

"पसरलेली छत्री कुंपणात अडकली, तर भोकं कुठेही पडतात. ही एकावर एक आलीत. म्हणजे पडली तेव्हा छत्री घडीत होती. कुंपणाला घडी घालता येत नाही, साहेब. मला येते. या घडीत माझी छर्ऱ्याची पिशवी राहिली होती, दोन किलोची, आणि छत्री उघडताना ती कापड फाडून गेली. पीळ नव्हता. मोजायला दोघी लागतात, मी एकटी होते, कारण दुसरीला यांनी झेंडे शिवायला नेलं होतं. तरी चुकले मीच. आणि दुसऱ्या दिवशी यांना सांगितल्यावर यांनी पेटीत दुसरी पिशवी टाकली. त्यावर गप्प बसले तीही मीच."

मागून काठीचा आवाज आला. गर्दीने वाट दिली, कारण ती काठी वाट मागत नव्हती. कॅप्टन. इस्त्री नसलेला कोट, बोटांना दुकानाचं तेल.

तो घडीपाशी आला. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीवर भार टाकून हळूहळू, दातओठ खात एका बाजूला झुकला आणि स्वतःचा हात त्या भोकातून घातला. मग हात काढला.

"मी तुला माफ केलेलं नाही," तो म्हणाला.

"मी मागितलेली नाही," मावशी म्हणाल्या.

"मग ठीक."

संचालक घाम पुसत पुढे आले. अत्यंत रोचक बाब आहे, म्हणाले. समितीपुढे ठेवू, म्हणाले. तीनेक महिन्यांत योग्य तो निर्णय होईल; तोवर दालन ठरल्याप्रमाणे उघडेल आणि फलक आहे तो राहील. साहेबांनी मान डोलावली. कात्री दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली.

"तीन महिने," कॅप्टन म्हणाला. "म्हणजे तीन महिने लोक येऊन वाचणार, मी चुकलो."

"तात्पुरतं, कॅप्टन, तात्पुरतं."

कॅप्टनने फलक क्रमांक ३१ चा खांब पाहिला. त्याच्यापुढे उभा राहिला, फलक अंगाने झाकून टाकला, आणि खाली बसायला लागला.

"छत्रीवर नको!" मावशी किंचाळल्या. "अलीकडे! अलीकडे बसा, घडी मोडेल!"

"अगं हो! बसतोय ना अलीकडे!"

तो खाली बसला. बसताना हाडाने जो आवाज केला त्याने दोन बायकांनी डोळे मिटले. खुबा बाहेरच्या बाजूला, पाय सरळ लांब, पाठ खांबाला.

"आता मला उठवायला चार माणसं लागतील," तो म्हणाला. "आणि चौघांपैकी एकाला तरी माहीत असावं लागतं, की हाड कुठे धरायचं. चुकीचं धरलंत तर मी इथेच ओरडून जीव देईन. बघा जमतंय का."

संचालकांनी पहारेकऱ्यांकडे पाहिलं. पहारेकरी दोनच होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग छताकडे.

मावशी त्याच्या शेजारी, हातभर अंतर राखून बसल्या. तो सरकून जवळ आला नाही आणि लांबही गेला नाही.

बाहेर तिकिटं काढलेली माणसं दाराशी जमत चालली होती. काच टकटक वाजवत होती. फलकवालीने दांडा सोडला, येऊन त्या दोघांपुढे उकिडवी बसली. बुचड्यातलं पेन काढलं, तळहातावर रेघ ओढून पाहिली. चाललं.

"बोला, मावशी."

"अगं ए! तुला कुणी अधिकार दिला?" संचालक ओरडले.

"मसुदाच लिहितेय, सर. पाचवा. चार लिहिले तेव्हा नाही विचारलंत."

मावशींनी सांगायला सुरुवात केली. वर्ष. उंची. कॅप्टनचं पूर्ण नाव. मग स्वतःचं पूर्ण नाव. टेबल. पिशव्या. झेंडे. मधे कॅप्टन एकदा म्हणाला, "खांदा घाल," आणि मावशींनी खांदा घातला: उडी घेणाऱ्याची स्थिती शेवटपर्यंत अचूक होती. साहेब काही बोलायला पुढे झाले, तर तिसऱ्या रांगेतला निळा शर्ट त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला.

"मावशी, पन्नास शब्द झाले," फलकवाली कुजबुजली. "खांबावर एवढेच बसतात."

"अजून मी पेटीपर्यंत कुठे आलेय?"

"मग काय करू?"

"मोठा फलक आण," मावशी म्हणाल्या. "लिही पुढे."